गावात जाते आहेस, तर आधी हे ऐक

अगं, बस जरा. चहा होईल सावकाश. तुझी इंटर्नशिप वांगणीच्या पलीकडच्या एका ग्रामपंचायतीत लागली हे कळल्यापासून काकूचा चेहरा उतरलाय, आणि तूही मैत्रिणींना सांगताना आवाज खाली घेतेस हे मी पाहिलंय. कुणाला बँक मिळाली, कुणाला ठाण्यातली कंपनी, मग आपल्याच वाट्याला गाव का, असं तुझ्या मनात आहे. म्हणून तू निघायच्या आधी दोन गोष्टी बोलायच्या होत्या. गावागावांत काम करून मला बरीच वर्षं झाली. बदलापूरपासून नेरळपर्यंतच्या गावांत मी हिंडले आहे, कॉलेजची मुलं तिथे येताना आणि परत जाताना पाहिली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या वर्गात सगळ्यात मोठी संधी तुला मिळाली आहे.

कंपनीत तुला एका टेबलाचं काम दिसेल. गावात दीड-दोन हजार माणसांचा सगळा सार्वजनिक कारभार पायी फिरून बघता येतो. पाणी कोण सोडतं, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल कोण भरतं, शाळेचं छप्पर गळायला लागलं की अर्ज कुठून कुठे जातो आणि कुठे अडकतो, घरपट्टी कुणाची थकली आहे आणि ती मागायला जायची कुणाची हिंमत होत नाही. निर्णय घेणारा, त्यासाठी पैसे भरणारा आणि त्या निर्णयाने ज्याचं बरंवाईट होणार तो, असे तिघं तिथे एकाच रस्त्यावर भेटतात आणि एकमेकांना नावाने हाक मारतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले धडे तू मार्कांसाठी पाठ केलेस. आता ते चालतेबोलते बघशील.

आपल्या शिरगावचंच बघ ना. शिरगाव, कात्रप, मांजर्ली, बेलवली, खरवई, आज बदलापूर शहरात असलेली ही सगळी एकेकाळची गावंच. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा बदलापूर तिच्यात गेलं, १९९२ मध्ये बाहेर पडलं आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद आली. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इमारती आल्या, रस्ते आले, सोयी आल्या. पण कारभाऱ्यांना समोर उभं करून प्रश्न विचारायची ग्रामसभा शहराला नसते. नगरपरिषदेची २०१५ ची निवडणूक झाली, २०२० मध्ये मुदत संपली आणि पुढचं मतदान थेट २०२५ च्या डिसेंबरात झालं. मधली वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. आपल्या प्रभागाला इतकी वर्षं नगरसेवक नाही, हे आपल्या सोसायटीत किती जणांच्या बोलण्यात आलं? तू तेव्हा लहान होतीस, तुझं सोड. मोठ्यांच्याही आलं नाही. म्हणून म्हणते, तू तिथून जे शिकून येशील ते आपल्यालाही हवं आहे.

कॉलेजची मुलं गावात जाण्याची रीत काही आजची नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा साचा आजही चालतो. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे ऑन जॉब ट्रेनिंग आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे श्रेयांक आलेत, त्यातूनच तुझी ही इंटर्नशिप आली. याशिवाय राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यातून बारावी झालेल्यांना महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतनावर मुलं-मुली सरकारी कार्यालयांत, ग्रामपंचायतींतही प्रशिक्षणार्थी म्हणून बसली. शिक्षण चालू असलेल्यांना ती योजना नाही, म्हणजे तुला नाहीच. पण त्या योजनेतून काम केलेली एखादी गावातली मुलगी तुला भेटली, तर तिची शिष्य हो. कुठलं कपाट उघडलं की कुठला कागद निघतो हे तिला माहीत असतं, आणि गावात कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे हेही.

आता कामाचं सांगते.

गेल्या गेल्या सर्वेक्षणाचा फॉर्म बाहेर काढू नकोस. तुमच्या सरांनी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली दिली असेल. कुटुंबात माणसं किती, शौचालय आहे का, गॅस आहे का, उत्पन्न किती. गावाने हे फॉर्म इतक्यांदा भरून दिलेत की लोक तुझा पेन दिसला की उत्तरं आपोआप सांगतात. आणि आपल्या या पट्ट्यात तर कागद घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे लोक आधी संशयानेच बघतात. का नाही बघणार? बदलापूरच्या बाजूने मुंबई-वडोदरा महामार्गासाठी जमिनी गेल्या. फार्महाऊसचे प्लॉट पाडणारे एजंट रोज येतात. तुला पहिला प्रश्न हाच येईल, बाई, तू बिल्डरकडची की सर्व्हेवाली? राग मानू नकोस. कुठल्या कॉलेजची, कोणाची मुलगी, कुठे राहतेस, या माहितीचं पुढे काय होणार, हे सगळं नीट सांग. शिरगावची म्हटल्यावर कुणाची तरी सून, कुणाची तरी भाची शिरगावात निघेलच. मग बोलणं आपोआप सुरू होतं.

सुरुवातीचे काही दिवस कागद वाचण्यात घालव. ग्रामसेवकांना, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, विनंती करून मागच्या दोन वर्षांची ग्रामसभेची इतिवृत्तं वाचायला घे. मग नमुना ८ बघ. कोणाचं घर किती, त्यावर कर किती, हे त्या आकारणी नोंदवहीत असतं. नमुना ९ मध्ये मागणी किती आणि वसुली किती ते कळतं. आणि एक लक्षात ठेव, ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा आणि तलाठ्याकडचा ८-अ वेगळा. पहिला घराचा, दुसरा शेतजमिनीच्या खात्याचा. मुलं या दोन्हींत गोंधळ करतात आणि मग अहवालात भलतंच लिहितात. घर गावठाणात आहे, गावठाणाबाहेर आहे की वनजमिनीवर आहे, एवढं कळलं की गावातली निम्मी भांडणं तुला समजायला लागतील.

पैशाचंही बघ. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची, आणि ४० टक्के अबंधित. गावाने दरवर्षी विकास आराखडा करायचा असतो. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने राज्यात ते काम सुरू झालं. तो आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो, तुझ्या मोबाइलवरसुद्धा. आराखड्यात लिहिलेली गटारं गावात फिरून शोध. सापडली तर लिही, नाही सापडली तरी लिही, पण चावडीवर उभं राहून कुणावर बोट दाखवू नकोस. काम मंजूर होऊन निधी न येणं, निधी येऊन ठेकेदार न मिळणं, काम अर्धवट राहून पावसाळा येणं, या सगळ्याची कारणं वेगवेगळी असतात. ती शोधणं हाच तुझा अभ्यास. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे तुला पाठ असू दे. पण ज्या कार्यालयात तू शिकायला बसली आहेस तिथे आधी तोंडाने माग. बहुतेक वेळा मिळतं.

ग्रामसभेचं मात्र मन लावून बघ. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. तुझ्या मुदतीत त्यातली एक जरी आली तरी त्या दिवशी घरी येऊ नकोस, सणवार असला तरी. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती कुठे लागली, कुणी वाचली, आदिवासी वाडीपर्यंत ती कळली का, तिथून बघायला सुरुवात कर. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट नसते. आता विचार कर, मोठा विषय असताना पहिली सभा भरूच द्यायची नाही आणि तहकूब सभेत मोजक्या माणसांत ठराव करून घ्यायचा, हे किती सोपं आहे. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. पण इतिवृत्तात तहकुबीच्या तारखा बघ आणि त्यापुढे कुठले ठराव झाले ते बघ. सहीच्या रजिस्टरवर बायकांच्या सह्या किती आणि सभेत बोललेल्यांत त्यांची नावं किती, हेही बघ.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती खरंच झाली की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या आणल्या, हे तुला बायकाच सांगतील, पण पंचायतीच्या खोलीत नाही सांगणार. सकाळी नळावर, दुपारी दोनच्या पुढे ओट्यावर, बचतगटाच्या बैठकीनंतर, अशा वेळी सांगतील. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तुझ्या गावची सरपंच बाई असण्याची शक्यता भरपूर. ती असेल तर तिच्याशी बोल. तिचे यजमान पुढे होऊन उत्तर द्यायला लागले, तर त्यांचा अपमान न करता पुढचा प्रश्न पुन्हा तिलाच विचार. ती थांबेल, नवऱ्याकडे बघेल, मग बोलेल. तू घाई केली नाहीस तर बोलेल. पहिल्यांदा निवडून आलेल्या बायकांना मी सभेत बसायला शिकताना, मग बोलायला शिकताना आणि मग फाईल मागवायला शिकताना पाहिलंय. त्या मधल्या काळात त्यांना 'रबर स्टॅम्प' म्हणून मोकळं होणारे अहवाल वाचले की मला खरंच वाईट वाटतं. तू तसं लिहू नकोस. तिला काय येतं, काय अडतं आणि अडवतं कोण, हे लिही.

सभेत तू बोलायचं नाहीस. गावचे मतदार हे ग्रामसभेचे सभासद, तू पाहुणी. बसायची परवानगी घे आणि मागे, बायकांच्या रांगेत बस.

आता ज्यासाठी तुला खास बोलवून घेतलं ते सांगते. तुझ्या गावाला एखादी कातकरी वाडी जोडलेली असेल, एखादी ठाकरांची वाडी असेल. आपल्या भागात बहुतेक गावांना असतेच. मुख्य गावातले लोक म्हणतील, तिकडे काही नाही बघण्यासारखं, त्या लोकांना काही कळत नाही, कुणी भेटायचंही नाही. तू जा. कातकरी ही केंद्र सरकारने अतिअसुरक्षित मानलेल्या आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी झाली की यांची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. भट्टीमालकाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फेडायला जातात. परत येतात ती पाऊस तोंडावर आल्यावर. आणि कॉलेजांची शिबिरं, सर्वेक्षणं कधी असतात? डिसेंबर-जानेवारीत. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा कधी? तेव्हाच. एक मेची? तेव्हाही भट्टी चालूच. म्हणजे वर्षातल्या दोन ठरलेल्या ग्रामसभांच्या वेळी गावातली सगळ्यात गरीब माणसं गावातच नसतात, आणि त्याच वेळी आपली मुलं जाऊन 'वाडीत घरं बंद आढळली' असं लिहून येतात. त्या एका ओळीत किती काय दडलंय बघ. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मतदार यादी, मुलांची शाळेतली हजेरी, घरकुलाची यादी, सगळं त्या बंद दाराशी येऊन अडतं.

तू त्या बंद घरांची यादी कर. शेजारच्या म्हाताऱ्या आजीला विचार, कोण कुठल्या भट्टीवर गेलंय. अंगणवाडीसेविकेला आणि आशाताईला विचार, त्यांना नक्की माहीत असतं, कारण लसीकरणासाठी त्या त्याच मुलांना शोधत असतात. भट्ट्या फार लांब नसतात. जमलं तर सेविकेबरोबरच जा, एकटी नको. तिथे जाऊन भाषण देऊ नकोस, मालकाशी वाद घालू नकोस. तुला वाद घालून संध्याकाळच्या लोकलने घरी यायचं असतं, त्यांना तिथेच राहायचं असतं. मुलं किती, वय काय, शाळेत नाव आहे का, कधी परत येणार, एवढंच विचार. माझ्या मते तुझ्या सगळ्या इंटर्नशिपमध्ये ही एक यादी नीट झाली तरी पुष्कळ झालं.

आणि पाणी. त्या वाडीत कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर पी. गावात आल्यावर तू कुणाच्या घरचं पाणी प्यालीस आणि कुणाच्या घरचं नाही, हे सगळं गाव बघत असतं. कुणी आडून जात विचारतील, आडनावावरून अंदाज घेतील. शांतपणे उत्तर दे, आणि सगळ्या आळ्यांत सारखी बस. पोटाची काळजी वाटत असेल तर उकळलेलं पाणी मागून घे, चहा घे, पण नाही म्हणून उठू नकोस.

नळाच्या पाण्याचाही मागोवा घे, कारण गावाचा कारभार कळायला त्याच्याइतका चांगला विषय मला दुसरा सापडलेला नाही. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं 'सितारा' नावाचं केंद्र आहे, १९८५ पासूनचं. तिथले विद्यार्थी कर्जत, शहापूर, मोखाड्याच्या बाजूच्या गावांत जाऊन नळपाणी योजनांचा अभ्यास करत आले. इंजिनिअर होणारी मुलं टाकी ते नळ अशी पायी जातात, पाइपचा व्यास बघतात, पाणी कुठल्या वाडीला शेवटी पोचतं ते बघतात, आणि तेवढ्यावर थांबत नाहीत. पाणीपट्टी कोण गोळा करतं, विजेचं बिल थकलं का, पंप जळल्यावर दुरुस्तीला पैसे कुठून आले, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला पगार वेळेवर मिळतो का, हेही विचारतात. योजना बंद पडण्याचं कारण कित्येकदा पंपात नसतंच, ते या प्रश्नांच्या उत्तरांत असतं. तू वाणिज्य शाखेची आहेस, तुला व्यास मोजता नाही आला तरी पाणीपट्टीचा जमाखर्च वाचता येईल. तुझ्या शिक्षणाचा तिथे नेमका उपयोग आहे, हे विसरू नकोस. आणि जरा वरपर्यंत विचार कर. बारवी धरणाचं पाणी उद्योगांना आणि मोठ्या शहरांना जातं, त्या धरणाची उंची वाढताना मुरबाड तालुक्यातल्या कुणाची घरं गेली, हे आपल्या शहरातल्या किती मुलांना माहीत आहे?

गावातले लोक एकमेकांची उणीदुणी काढतात, गटतट असतात, निवडणुकीतली भांडणं पाच वर्षं पुरतात. पहिल्या आठवड्यात तुला तेवढंच दिसेल आणि कंटाळा येईल. तेव्हा २७ जुलै २०१९ आठव. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफ आलं, नौदल आलं, सगळ्यांना सुखरूप काढलं. आणि त्यांच्याबरोबर चामटोलीच्या परिसरातले गावकरीही धावले होते. पाणी कुठे खोल, कुठे पाय टेकतो, हे त्यांना माहीत होतं. गटतट तेव्हाही होते. म्हणून गावाबद्दल मत बनवायला वेळ घे, आणि दोन्ही गोष्टी लिही.

तुझ्याबद्दलही बोलू दे. काकूला जी काळजी आहे ती खोटी नाही. राहायचं तर बाई असलेल्या घरी राहा, शिक्षिकेच्या किंवा अंगणवाडीसेविकेच्या घरी सोय झाली तर उत्तम. शौचालय कुठे आहे हे पहिल्या दिवशी न लाजता विचार, पाळीचं सामान बरोबर ठेव. संध्याकाळची शेवटची टमटम किती वाजता सुटते ते माहीत करून घे आणि त्याच्या आधीच्या गाडीने नीघ. रोज कुठे जाणार ते मला मेसेज कर. कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसायची वेळ आली तर आधी फोन कर. फोटो काढताना विचार, मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नको, आणि कुणाच्या गरिबीचा फोटो स्टेटसला तर मुळीच नको. कुणी नको तसं बोललं, हात लावला, रात्री मेसेज करायला लागला, तर इंटर्नशिपचे मार्क जातील म्हणून गप्प बसू नकोस. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, आणि तुमच्या कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं निघायच्या आधी विचारून घे. आणि मला सांग, कितीही वाजले असले तरी.

शेवटचं आणि माझ्या मनातलं. मुलं गावात येतात, माहिती घेतात, अहवाल कॉलेजात जमा होतो, ग्रेड मिळते आणि तो कुठल्यातरी कपाटात पडून राहतो. ज्यांनी दोन-दोन तास उन्हात उभं राहून उत्तरं दिली त्यांना तो कधी दिसत नाही. हे मला पटत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्याबरोबर बाहेरून आलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांनी अभ्यासगट चालवले. मोहनभाऊ तिथे गेले तेच अभ्यासासाठी. पण त्यांनी गावाबद्दल अभ्यास करून तो दुसरीकडे नेला नाही, गावाबरोबर बसून अभ्यास केला. बाहेरच्या माणसाने माहिती आणायची, चर्चेत बसायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने, सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा. शिकायला येणाऱ्या माणसाने गावाशी कसं वागावं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच.

तुझ्या हातात फार दिवस नाहीत, तेव्हा मेंढ्यासारखं काही तुझ्याकडून होईल असं मी म्हणत नाही. पण एवढं कर. अहवाल मराठीत लिही, सोपा लिही, पानं कमी असू देत. बंद घरांची यादी, पाणीपट्टीचा हिशेब, आराखड्यातली झालेली आणि राहिलेली कामं, एवढं असलं तरी चालेल. कुणी खाजगीत सांगितलेलं काही असेल तर नाव गाळ. जायच्या आधी सरपंच, सदस्य, सेविका आणि वाडीतली दोन माणसं यांना एकत्र बसवून तो वाचून दाखव. ते म्हणतील हे चुकलंय, ते दुरुस्त कर. मग त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत रीतसर आवक रजिस्टरला नोंदवून दे आणि शिक्क्याची पोच घे. दुसरी प्रत शाळेत ठेव. कॉलेजची प्रत त्यानंतर. सरांना घाई असेल तर सांग, ताईने सांगितलंय, गावाची पोच हातात आल्याशिवाय माझं काम संपत नाही.